कांद्याच्या निर्यातबंदीवर पीएचडी: प्रश्नापासून प्रबंधापर्यंत

‘महाराष्ट्रातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन पीएचडीला नोंदणी करता येते, प्रबंध पुरा होतो, पदवीही मिळते. पण त्यातून कुणाला काही नवं कळत नाही, कारण त्यात प्रश्नच नसतो. आता हे वाचा: ‘डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीमुळे लासलगावात लाल कांद्याचा भाव पुढच्या चार आठवड्यांत किती पडला, आणि त्यातला किती एरवीही पडलाच असता?’ यात तारीख आहे, ठिकाण आहे, वाण आहे, मुदत आहे. आणि शेवटच्या अर्ध्या वाक्यात तुमची पुढची चार-पाच वर्षं आहेत.

उपयोजित अर्थशास्त्र आणि सार्वजनिक धोरण या विषयात संशोधन करणाऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट शिकायची असते: धोरणामुळे काय झालं आणि धोरण नसतं तरी काय झालं असतं, हे वेगळं काढणं. इथे कांद्याचं उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. तुमचा विषय रेशन, शिष्यवृत्ती किंवा एसटीची तिकीट सवलत असेल, तरी वाट तीच आहे.

नोंदणीपूर्वी

नियमांचा भाग थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, शिवाय महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना वाढीव दोन वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) न मिळालेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक, आणि हे गुण एकच वर्ष ग्राह्य. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफचे (वरिष्ठ शिष्यवृत्तीचे) ४२,०००. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून येण्याची देशपातळीवरची सक्ती याच नियमावलीत गेली, पण तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. तिथला अध्यादेश मुळातून वाचा, सीनियरच्या तोंडच्या माहितीवर विसंबू नका. मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नलची पारख आता तुमची तुम्हालाच करायची आहे. पैसे घेऊन चार दिवसांत ‘स्वीकृत’ कळवणाऱ्या जर्नलमध्ये छापलेला लेख पुढे नोकरीच्या मुलाखतीत अंगावर येतो.

पुण्याची गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, टिस, आयआयटी मुंबई, गोवा विद्यापीठ अशी ठिकाणं आहेत. पण ठिकाणाच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा. शोधगंगावर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) त्या गाइडच्या हाताखालचे शेवटचे तीन प्रबंध काढा आणि तीन गोष्टी बघा: नोंदणी ते सादरीकरण किती वर्षं लागली, डेटा कोणता वापरला, आणि निष्कर्षाच्या प्रकरणात एखादा आकडा ठामपणे सांगितलाय का. ‘योग्य धोरणे राबवणे आवश्यक आहे’ एवढ्यावरच तिन्ही प्रबंध संपत असतील तर तुमचाही तसाच संपेल.

विषयाला काळाची हद्द घालणं ही जुनी आणि चांगली सवय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर लिहिलं ते १८३३ ते १९२१ एवढ्या चौकटीत. सुरुवातीचं वर्ष आणि शेवटचं वर्ष का निवडलं याचं कारण देता आलं, की विषय ताब्यात आला म्हणायचं.

धोरण कशामुळे आलं?

नवख्या संशोधकाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. तो बंदीच्या आधीचा सरासरी भाव काढतो, नंतरचा काढतो, वजाबाकी करतो आणि ‘बंदीमुळे भाव इतका पडला’ असं लिहून मोकळा होतो. पण बंदी आभाळातून पडत नाही. भाव चढले म्हणून बंदी येते. आणि कांद्याचा चढलेला भाव नवा माल आला की बंदीशिवायही उतरतो. म्हणजे वजाबाकीत काही हंगामाचं, काही बंदीचं, आणि कोणतं किती याचा पत्ता नाही.

२०२३ चंच बघा. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा होता. खरिपाच्या लागवडी लांबल्या. नोव्हेंबरअखेर नाशिक पट्ट्याला अवकाळी पाऊस आणि गारांनी झोडपलं. ७ डिसेंबरला बंदीची अधिसूचना निघाली, ८ पासून ती लागू झाली. आणि डिसेंबर म्हणजे लाल कांद्याची आवक वाढण्याचेच दिवस. पुरवठ्याला बसलेला धक्का, सरकारचा निर्णय आणि हंगामाचा उतार हे तिन्ही दोन आठवड्यांत एकावर एक आलेले आहेत.

प्रत्येक धोरणासाठी हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर एका पानावर लिहून काढा: हे इथेच का, आत्ताच का, यांनाच का? रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा टप्प्याटप्प्याने आला: फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्हे, एप्रिल २००७ मध्ये आणखी १३०, एप्रिल २००८ मध्ये उरलेले. आधीचे आणि नंतरचे जिल्हे यांची तुलना करून पुष्कळ संशोधन झालं. पण पहिले जिल्हे मागास म्हणूनच निवडलेले होते, हे विसरलात की तुलना कोसळते. महाराष्ट्रात तर त्याहून मोठी अडचण: इथे १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमी होतीच. ‘कायदा येण्यापूर्वीचा’ महाराष्ट्रातला जिल्हा हा रोजगार हमी नसलेला जिल्हा नव्हे. असं स्थानिक ज्ञान हे तुमचं भांडवल आहे. परदेशी बसून तोच डेटा चालवणाऱ्याला ते सहज सुचत नाही.

तारखांची वही

डेटा उघडण्याआधी धोरणाची कालरेषा तयार करा. साधी एक्सेल शीट पुरते. रकाने पाच: घोषणा कधी, अधिसूचना कधी, अंमल कधीपासून, सवलती आणि अपवाद कोणते, त्याच आठवड्यात दुसरं काय घडलं. पाचवा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि प्रबंध तरतो तो त्याच्यामुळेच.

कांद्याच्या अलीकडच्या तीन बंद्या या रकान्यांत टाकून बघा. पहिली २९ सप्टेंबर २०१९ ची. त्याच दिवशी व्यापाऱ्यांवर साठामर्यादाही आली, किरकोळला १०० क्विंटल आणि घाऊकला ५०० क्विंटल. मग भाव पडला तो बंदीने की साठामर्यादेने? ही बंदी १५ मार्च २०२० ला उठली आणि दहा दिवसांत टाळेबंदी लागली, त्यामुळे ‘बंदी उठवण्याचा परिणाम’ या घटनेतून मोजणं जवळपास अशक्य. दुसरी १४ सप्टेंबर २०२० ची, १ जानेवारी २०२१ ला उठली. इथे साठामर्यादा २३ ऑक्टोबरला, म्हणजे सुमारे साडेपाच आठवड्यांनी आली. मधला काळ बराच स्वच्छ आहे, फक्त ऑक्टोबरात बंगळुरू रोज आणि कृष्णपुरम या जातींना प्रत्येकी १०,००० टनांची मुभा मिळाली. तिसरी डिसेंबर २०२३ ची, आणि ती एकाएकी आली नाही: १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, लगेच नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांची २,४१० रुपये क्विंटलने खरेदी, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर टनाचं किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने निर्यात नाही), आणि मग बंदी. ऑगस्टपासून व्यापारी पुढच्या पावलाचा अंदाज बांधतच होते, त्यामुळे ७ डिसेंबरचा भाव हा ‘धक्क्याआधीचा’ निखळ भाव नाही. शिवाय बंदीच्या काळातही मार्च २०२४ मध्ये बांगलादेशला ५०,००० टन आणि अमिरातीला १४,४०० टन पाठवायला परवानगी मिळाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही संपलं.

एवढं लिहून काढल्यावर ‘बंदी = १, नाहीतर ०’ असा चल (व्हेरिएबल) बनवायला हात धजणार नाही. आणि अजून एक गोष्ट डोळ्यांत भरेल. सप्टेंबरातल्या दोन बंद्या कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळी कांद्यावर आल्या. त्या शेतकऱ्याने माल सहा महिने सांभाळलेला, घट सोसलेली, आणि विकायचं की थांबायचं हे काही प्रमाणात त्याच्या हातात. डिसेंबरची बंदी आली ताज्या लाल कांद्यावर, जो टिकतच नाही. काढला की विकावाच लागतो. एकाच शब्दाच्या या दोन धोरणांचा परिणाम एकत्र सरासरीत घातला तर दोन्हींबद्दल चुकीचं उत्तर येईल.

राज्य सरकारच्या योजनांसाठी शासन निर्णय हाच मूळ दस्तऐवज. संकेतस्थळावरून काढताना त्याचा सांकेतांक टिपून ठेवा, कारण शुद्धिपत्रकं आणि सुधारित निर्णय मागाहून येतात आणि पात्रतेच्या अटी बदलतात. ‘लाडकी बहीण’चा शासन निर्णय २८ जून २०२४ चा, पैसे खात्यात पडायला लागले ऑगस्टच्या मध्यावर. कुटुंबाच्या खर्चावरचा परिणाम कोणत्या तारखेपासून मोजायचा? दोन्हींपासून मोजा आणि दोन्ही दाखवा.

जे छापून येत नाही ते माहिती अधिकारातून मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. पाच विषय असतील तर पाच अर्ज करा. ‘सविस्तर माहिती द्यावी’ असं न लिहिता तक्त्याचे रकाने लिहून द्या: तालुका, महिना, लाभार्थी संख्या, वाटप रक्कम. पहिलं उत्तर अपुरंच येणार असं धरून अपिलाचे दोन-तीन महिने वेळापत्रकात ठेवा.

बाजारभावांचा डेटा साफ करताना

कांद्याचा भाव दोन ठिकाणी मिळतो: केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर. दोन्ही उतरवा, एकमेकांशी ताडून बघा. पणन मंडळाच्या तक्त्यात रकाने असे दिसतात: जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. इथे आवक क्विंटलमध्ये, तर अ‍ॅगमार्कनेटवर टनांत. फाइली नुसत्या एकाखाली एक जोडल्या की आवक एका दिवसात दहापट होते आणि आलेखात एक भव्य, खोटा डोंगर उभा राहतो.

‘लासलगाव’ या नावाच्या ओळीही एकच नसतात. लासलगाव, लासलगाव - निफाड, लासलगाव - विंचूर अशा वेगळ्या ओळी येतात. जात कधी ‘लाल’, कधी ‘उन्हाळी’, कधी ‘लोकल’, कधी नुसत्या तीन रेघा. वर्षाच्या काही महिन्यांत लाल आणि उन्हाळी एकाच दिवशी बाजारात असतात, आणि त्यांचा भाव वेगळा असतो. दोन्हींची सरासरी काढली तर मार्च-एप्रिलमध्ये भावात दिसणारा बदल हा भावाचा नसून वाणाच्या मिश्रणाचा असेल. म्हणून बाजार × जात × दिवस ही एक नोंद धरा आणि बाजार × जातीचा स्थिर परिणाम (त्या जोडीचा कायमचा भावफरक बाजूला काढणारा घटक) मॉडेलमध्ये घाला.

सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाला बहुतेक माल गेला तो दर, आवकेने भारित सरासरी नव्हे. शेतकऱ्याचं उत्पन्न काढायला तो थेट गुणून वापरलात तर चूक होईल. भाव कोसळतो तेव्हा कमीत कमी दर आधी आणि जास्त कोसळतो, कारण गोल्टी (बारीक कांदा) आणि खराब माल कुणी उचलत नाही. तिन्ही दरांवर वेगवेगळं मॉडेल चालवा.

आता चुकीच्या नोंदी. १,८५० ऐवजी १८५ किंवा १८,५०० पडलेलं सापडेलच. कमी ≤ सर्वसाधारण ≤ जास्त हा क्रम मोडणारी प्रत्येक ओळ खूण करून बाजूला काढा. मागच्या सात लिलावांच्या मध्यकाच्या तिप्पट किंवा एक तृतीयांश असलेलीही काढा. पण खूण करणं वेगळं, पुसणं वेगळं. वरचे-खालचे एक टक्का आकडे सरसकट छाटण्याची जी सवय पाठ्यपुस्तकातून लागते ती इथे घातक आहे, कारण बंदीनंतरची खरी घसरण नेमकी त्या खालच्या एक टक्क्यात बसलेली असते. खूण केलेली ओळ शेजारच्या पिंपळगाव बसवंतशी आणि त्या दिवशीच्या वर्तमानपत्राशी ताडून मगच निर्णय घ्या.

रिकाम्या दिवसांचं काय? लिलाव नसेल त्या दिवशी भाव शून्य नाही, अज्ञात आहे. अनेक बाजार समित्यांत अमावस्येला लिलाव बंद ठेवायची प्रथा होती. सुट्ट्या वेगळ्याच. हे रिकामे दिवस निरुपद्रवी. पण २० सप्टेंबर २०२३ पासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, आणि डिसेंबरच्या बंदीनंतरही संतापलेल्या शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी लिलाव थांबवले. म्हणजे भाव जिथे सगळ्यात जास्त पडला असता तिथेच नोंद नाही. मधले आकडे रेघ ओढून भरू नका. ते दिवस रिकामेच ठेवा, आणि बंद असलेल्या बाजारांविना आणि बंद काळ संपल्यावरच्या पहिल्या तीन लिलावांविना निकाल किती हलतो ते वेगळ्या तक्त्यात दाखवा.

नमुना पाहणीचा डेटा वापरणार असाल तर

घरोघरच्या पाहण्या (रोजगाराची पीएलएफएस, उपभोग खर्च पाहणी) सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर मोफत मिळतात. फाइल हातात आल्यावर पहिलं काम एकच: सरकारने छापलेला एखादा आकडा स्वतः काढून दाखवणं. पीएलएफएस २०१७-१८ मधून देशाचा बेरोजगारी दर ६.१ टक्के आला पाहिजे. २०२३-२४ च्या खर्च पाहणीतून दरडोई मासिक खर्च ग्रामीण ४,१२२ आणि शहरी ६,९९६ रुपये. येत नसेल तर पुढे जाऊ नका. चूक बहुधा भारांकात (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी धरायचं त्या आकड्यात) असते: मल्टिप्लायरला उपनमुन्यानुसार १०० ने की २०० ने भागायचं, आणि वार्षिक आकड्यासाठी तिमाह्यांनी भागायचं का, हे रीडमी फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. २०२४ पर्यंतच्या पीएलएफएसमध्ये शहरी घरांना चार भेटी होत्या, ग्रामीण घरांना एकच. वार्षिक आकड्यासाठी पहिलीच भेट घ्यायची. २०२५ पासून रचना बदलली आहे, तेव्हा आधीची आणि नंतरची वर्षं सरळ एका रेषेत जोडू नका. खर्च पाहणीचंही तसंच. २०११-१२ आणि २०२२-२३ मध्ये प्रश्नावली आणि भेटींची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आलेखात दिसणारी वाढ काही अंशी मोजपट्टीची असते.

जिल्ह्यांची जोडणी नावावरून करू नका. औरंगाबाद बिहारातही आहे. ‘रायगढ’ असं स्पेलिंग असलेला जिल्हा छत्तीसगडचाही असू शकतो आणि जनगणनेतला आपला रायगडही. अहमदनगर, बीड, बुलढाणा, गोंदिया यांची स्पेलिंगं फाइलीगणिक बदलतात, त्यात आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर आले. राज्याचा जनगणना संकेतांक (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि जिल्ह्याचा संकेतांक मिळून जोडा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला. २०११ शी तुलना करायची तर दोन्ही परत एकत्र करावे लागतात.

तुलनेला कोण?

कांद्याच्या प्रबंधात हीच खरी परीक्षा. ‘नाशिक निर्यात करतं, इंदूर कमी करतं, म्हणून इंदूर हा कंट्रोल (धोरणाचा परिणाम न झालेला, तुलनेचा गट)’ ही पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते. ती चालत नाही. नाशिकचा माल निर्यातीला गेला नाही की तो ट्रकने देशातल्याच बाजारांत जातो आणि इंदूरचाही भाव पाडतो. कंट्रोल गट स्वतःच भिजलेला. या तुलनेतून ‘नाशिकवर इंदूरपेक्षा किती जास्त परिणाम’ एवढंच कळतं, एकूण परिणाम कळत नाही. तसं स्पष्ट लिहिलंत तर तोही उपयोगी आकडा आहे. न लिहिता एकूण परिणाम म्हणून खपवलात तर परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

दुसरा, जास्त भरवशाचा मार्ग: कांद्याचीच तुलना कांद्याच्या इतिहासाशी. २०१३ आणि २०१५ मध्येही भाव भडकले होते, पण तेव्हा बंदी न घालता किमान निर्यात मूल्याचं हत्यार वापरलं गेलं. भाव तेवढाच चढलेला, आवकेचा टप्पाही जवळचा, पण बंदी नाही, असे आठवडे शोधा आणि पुढच्या चार आठवड्यांतला उतार तिथे किती होता ते बघा. मग त्याच्याशी ताडून बंदीनंतरचा उतार वाचा.

प्रमाण-त्रुटीबद्दल (अंदाज किती डळमळीत आहे याच्या मापाबद्दल) इथे फार मोठी फसगत होते. ५० बाजार × ३०० दिवस म्हणजे १५,००० नोंदी, टी-मूल्य १२, तीन तारे (निकाल पक्का असल्याची तक्त्यातली खूण). पण बंदीची घटना एकच आहे आणि ती सगळ्या बाजारांवर एकाच दिवशी आली. माहिती १५,००० ठिकाणांहून आलेली नाही. यावर प्रामाणिक उपाय म्हणजे खोट्या तारखा. १४ वर्षांतल्या सुमारे ७०० आठवड्यांपैकी, खऱ्या हस्तक्षेपांचे आठवडे वगळून, प्रत्येकावर ‘इथे बंदी आली’ असं समजून तेच मॉडेल चालवा. खऱ्या बंदीपेक्षा मोठी घसरण सुमारे १४ ठिकाणी निघाली, तर तुमचं पी-मूल्य (बंदी नसतानाही एवढी घसरण दिसण्याची शक्यता) ०.०२ च्या आसपास. ७० ठिकाणी निघाली तर ०.१०, आणि तसं लिहायचं. चार आठवड्यांच्या खिडक्या एकमेकींवर चढतात म्हणून हा आकडा थोडा सैलच धरावा, तरी तीन ताऱ्यांपेक्षा तो कितीतरी खरा. राज्यांवर किंवा जिल्ह्यांवर टप्प्याटप्प्याने आलेल्या धोरणात क्लस्टर (एकत्र धरायच्या नोंदींचे गट) धोरणाच्या पातळीवर घ्या, क्लस्टर थोडे असतील तर वाइल्ड बूटस्ट्रॅप ही पुनर्नमुना पद्धत वापरा, आणि साध्या द्विस्थिर-परिणाम (ठिकाण आणि काळ दोन्हींचे स्थिर परिणाम घेणाऱ्या) मॉडेलऐवजी २०२१ नंतर रूढ झालेले टप्प्यांचे अंदाजक घ्या. जुन्या मॉडेलमध्ये आधी धोरण मिळालेला गट नंतरच्यांचा कंट्रोल बनतो आणि कधीकधी उत्तराचं चिन्हच उलटतं.

वयाची किंवा उत्पन्नाची सीमा असलेल्या योजनेत सीमेच्या दोन्ही बाजूंची तुलना करता येते. एसटीत ७५ पूर्ण झाले की प्रवास मोफत, त्याआधी ६५ पासून निम्मं तिकीट: ही चांगली सीमा आहे. पण पाहणीत लोक वय ७०, ७५, ८० असंच सांगतात. सीमेवर लोकांची गर्दी झाली आहे का हे आधी तपासा. जन्मतारीख कागदावरून मिळत नसेल तर ही पद्धत सोडा.

स्वतःची पाहणी

आधी संख्या. ०.२ प्रमाण-विचलनाएवढा (विचलन म्हणजे आकडे किती पसरलेत याचं माप) फरक पकडायचा तर ढोबळ सूत्राने, १६ भागिले फरकाचा वर्ग, प्रत्येक गटात १६ ÷ ०.०४ म्हणजे ४०० घरं लागतात. पण एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. गावाअंतर्गत सहसंबंध ०.०५ आणि गावात २० घरं धरली तर ४०० ला १.९५ ने (१ + १९ × ०.०५) गुणा: ७८० घरं, ३९ गावं, तीही प्रत्येक गटात. गावात १० च घरं घेतली तर गुणक १.४५: ५८० घरं, ५८ गावं. दोन्ही गट मिळून ४०० मुलाखती वाचल्या. गावं वाढवा, घरं कमी करा. एक सर्वेक्षक दिवसाला चार नीट मुलाखती करतो, म्हणजे १,१६० घरांना २९० माणूस-दिवस, सहा जणांना सुमारे सात आठवडे. पेरणी-काढणीच्या दिवसांत कुणी भेटत नाही, हे धरून तारखा ठरवा.

‘वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न विचारू नका. पीक घ्या, क्षेत्र घ्या, किती गोण्या किंवा ट्रॉल्या निघाल्या, कुठे विकल्या, पट्टीवर (व्यापाऱ्याच्या विक्री पावतीवर) काय भाव होता. हिशोबपट्टी घरात असेल तर तिचा फोटो घ्या, ती आठवणीपेक्षा शंभर पटीने बरी. क्षेत्र कुणी गुंठ्यात सांगेल, कुणी एकरात, सातबारावर हेक्टर-आर असेल. जसं सांगितलं तसं एकक सहित लिहा आणि रूपांतर कोडमध्ये करा. काळासाठी ‘गेल्या १२ महिन्यांत’ याऐवजी ‘मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत’ असं विचारा. ३० घरांत चाचणी घेतल्याशिवाय प्रश्नावली छापू नका, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी चाचणीच्याही आधी हवी.

कोड, लेखन, तोंडी परीक्षा

स्टाटा, आर, पायथन, काहीही चालेल. मूळ फाइली एका फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरमध्ये कधीच काही बदलायचं नाही. साफसफाई, विश्लेषण, तक्ते यांचे वेगळे कोड, आणि सगळे क्रमाने चालवणारी एक मुख्य फाइल. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते, तेव्हा आदल्या दिवशी मुख्य फाइल दुसऱ्या संगणकावर पहिल्यापासून चालवून बघा. तक्ता हाताने वर्डमध्ये टाइप केलात तर दोन वर्षांनी परीक्षक ‘हा ०.१४ कुठून आला’ विचारतील तेव्हा सांगता येणार नाही.

पहिलं प्रकरण परिचयाचं लिहायला बसू नका. कालरेषा आणि डेटाचं प्रकरण आधी लिहा, ते पहिल्याच वर्षात होतं. साहित्य समीक्षा ‘अमुक यांनी असे म्हटले’च्या साखळीने न लिहिता तुमच्या प्रश्नाभोवती बांधा: कुणी कोणता डेटा घेऊन किती परिणाम काढला, आणि त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा वेगळा का. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार कारवाई नाही, पण पद्धतीचा परिच्छेद उचलून शब्द फिरवलेला परीक्षकाला लगेच कळतो.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: ‘मग शेतकऱ्याचं नुकसान किती झालं?’ त्याचं उत्तर आधी कागदावर मांडून ठेवा. समजा, बंदीमुळे म्हणून वेगळी काढलेली घसरण क्विंटलला ८०० रुपये निघाली आणि त्या चार आठवड्यांत तुमच्या बाजारांत ३ लाख क्विंटल आवक झाली, तर २४ कोटी रुपये. हे फक्त त्या आठवड्यांत, त्या बाजारांत विकणाऱ्यांचं. ज्याने आधी विकला त्याचं नाही, ज्याचा रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा जानेवारीत आला त्याचं वेगळं मोजायला हवं. त्याच घसरणीतला किती हिस्सा मुंबई-पुण्याच्या ग्राहकापर्यंत पोहोचला हे ग्राहक व्यवहार विभागाच्या रोजच्या किरकोळ दरांवरून काढता येतं. तो आकडा शेजारच्या रकान्यात ठेवा, आणि दोन्हींच्या खाली विश्वासार्हतेची मर्यादा लिहा.